कॉर्डलेस इलेक्ट्रिक केटल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमचं इलेक्ट्रिकल सामान विक्री आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, गिझरच्या कॉइल हे वर्षानुवर्षं चालूच आहे, पण गेल्या काही वर्षांत केटल घेऊन येणारी माणसं खूप वाढलीत आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

कॉर्डलेस म्हणजे वायर नसतेच का? मग चार्ज करावी लागते का?

नाही नाही. दर आठवड्याला कोणी ना कोणी हे विचारतंच. वायर असते, पण ती केटलला नसून खालच्या बेसला असते, म्हणजे त्या गोल बशीसारख्या तबकडीला. केटल उचलली की वायर तिथंच राहते आणि तुम्ही केटल पाण्याच्या जगसारखी हातात घेऊन टेबलाकडे जाता, एवढाच त्या कॉर्डलेसचा अर्थ. बॅटरी नसते. आणि बॅटरीवर चालणारी काढायची म्हटली तर एक लिटर पाणी उकळायला जेवढी वीज लागते तेवढ्यात तुमचा मोबाइल पाच-सहा वेळा फुल चार्ज होईल, त्यामुळे ती बॅटरी केवढी लागेल ते बघा.

जुन्या केटलला वायर थेट मागच्या बाजूला खोचायची असायची. भरलेली केटल उचलताना वायर ओढली जायची, ओट्यावरून लोंबणारी वायर पोरानं धरली की उकळतं पाणी अंगावर. वायर केटलपासून वेगळी करण्यामागचं मोठं कारण हेच होतं, दिसायला चांगलं दिसतं म्हणून नाही.

बेसवर कशीही ठेवली तरी चालू होते, ते कसं?

केटल उलटी करून बूड बघा (रिकामी असताना!). मध्ये एक गोल खोबण दिसेल आणि तिच्यात एकात एक अशा गोल कड्या. बेसवर त्याच मापाचं वर आलेलं बोंड असतं. फेज, न्यूट्रल आणि अर्थ असे तीन कॉन्टॅक्ट, आणि सगळे गोलाकार, त्यामुळे केटल कुठल्याही बाजूनं ठेवली तरी जोडणी बरोबरच बसते. डावखुऱ्या माणसानं दांडा डावीकडे ठेवला तरी काही बिघडत नाही. सुरुवातीच्या कॉर्डलेस केटल एकाच दिशेनं ठेवाव्या लागायच्या, हे गोल कनेक्टरचं प्रकरण नंतरचं. आयल ऑफ मॅन नावाच्या इंग्लंडजवळच्या छोट्या बेटावर स्ट्रिक्स नावाची कंपनी आहे, तिचे जॉन टेलर यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. हा माणूस भन्नाट आहे, केटलच्या स्विचवर पैसे कमावले आणि २००८ मध्ये केंब्रिजमध्ये एक अचाट घड्याळ बसवलं, वर एक राक्षसी टोळ बसलाय आणि तो सेकंद खातोय असं.

मग त्या बेसला हात लागला तर शॉक बसेल का?

कॉन्टॅक्ट आत दडवलेले असतात, नुसतं बोट तिथवर पोचत नाही. पण बोर्डाचं बटण चालू असेल तर केटल उचललेली असली तरी बेसमध्ये करंट असतोच, हे लक्षात ठेवा. म्हणून ओल्या फडक्यानं बेस पुसताना, किंवा घरात चमचे खुपसणारं पोरगं असेल तर, बोर्डाचं बटण बंद. आणि बेस नळाखाली कधीच धरायचा नाही. केटलसुद्धा बाहेरून नळाखाली धुवायची नाही, आतून खळखळा धुवा, बाहेरून पुसा.

पाणी उकळलं हे तिला कळतं कसं? आपोआप बंद कशी होते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे जरा लांबण लागेल.

बऱ्याच जणांना वाटतं आत काहीतरी सेन्सर असेल, चिप असेल. साध्या केटलमध्ये चिप-बिप काही नाही. रुपयाएवढी एक धातूची चकती असते, बस. दोन वेगवेगळे धातू एकमेकांवर चिकटवलेले, तापल्यावर एक जास्त फुगतो आणि एक कमी, त्यामुळे ती चकती वाकायला बघते. चकतीला आधीच थोडा खोलगट आकार दिलेला असतो म्हणून ती हळूहळू वाकत नाही, ताण साठत जातो आणि एका क्षणी टक् करून दुसऱ्या बाजूला उलटते, डब्याचं पत्र्याचं झाकण मध्ये दाबलं की टक् वाजतं ना, अगदी तसं. त्या उलटण्यानं खटका पडतो आणि करंट तुटतो. तुम्हाला ऐकू येतो तो टक् आवाज तोच.

आता गंमत अशी की ही चकती पाण्यात नसतेच. केटलच्या आत वर, दांड्याच्या बाजूला बघा, एक भोक किंवा बारीक फट दिसेल. पाणी खदखदायला लागलं की वाफ जोरात तयार होते, तिला वरून जायला जागा नाही कारण झाकण बंद, मग ती त्या भोकातून शिरते आणि चकतीपर्यंत पोचते. काही केटलमध्ये चकती दांड्यातच असते, काहींत वाफ एका नळीतून खाली बुडापर्यंत नेलेली असते. म्हणजे केटल पाण्याचं तापमान मोजत नाही, ती वाफेची वाट बघते. पाणी नुसतं गरम असताना एवढी वाफ येत नाही म्हणून ती आधी बंद होत नाही.

१९५५ मध्ये इंग्लंडमध्ये रसेल हॉब्सनं जी स्वतः बंद होणारी केटल काढली तिच्यातही वाफ आणि दोन धातूंची पट्टी हीच युक्ती होती. सत्तर वर्षं झाली, तत्त्व तेच आहे.

माझी केटल बंदच होत नाही, उकळतच राहते. बिघडली का?

आधी झाकण बघा. दहातल्या निम्म्या वेळा झाकण नीट बसलेलं नसतं, वाफ वरून निघून जाते आणि चकतीला पत्ताच लागत नाही. एक काकू तीन किलोमीटर रिक्षा करून आल्या होत्या, झाकण दाबून दिलं, पैसे घेतले नाहीत, त्यांनीच मला रागावून वीस रुपये दिले. दुसरं कारण म्हणजे वाफेच्या भोकात क्षाराचा थर किंवा (पुढे येईलच) दुधाची साय.

चुकून रिकामीच चालू केली तर?

बुडाखाली आणखी एक चकती असते, तिचा वाफेशी संबंध नाही, बूड प्रमाणाबाहेर तापलं की ती खटका पाडते. असं झालं तर केटल बेसवरून काढा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग पाणी घाला. तापलेल्या बुडावर लगेच गार पाणी ओतू नका. रिकामी चालू होणं एखाद्या वेळी चालतं, पण सारखं करायला लागलात तर कॉइल जाणार. किमान रेषा आत काढलेली असते ती यासाठीच. आणि वरची कमाल रेषाही पाळा, जास्त भरलं की उकळताना तोटीतून उडतं, हातावर आलं तर फोड येतो.

चालू केल्यावर एवढा सूंऽऽ आवाज का येतो? आणि उकळायच्या आधी कमी का होतो?

बिघाड नाही. आपली कॉइल बुडाच्या पत्र्याखाली पक्की चिकटवलेली असते, ती आधी बूड तापवते. बुडाला लागून असलेलं पाणी लगेच वाफ होतं, बुडबुडा तयार होतो, पण वरचं पाणी अजून गार असतं, त्यात गेला की बुडबुडा फटकन मिटतो. असे हजारो बुडबुडे सतत मिटतात त्याचा तो आवाज. जसजसं सगळंच पाणी तापतं तसे बुडबुडे न मिटता वरपर्यंत येतात, मग सूं थांबतं आणि खळखळ सुरू होते. पातेल्यातल्या पाण्याचंही तेच होतं, फक्त गॅसच्या आवाजात कळत नाही. क्षार साचला की हा आवाज वाढतो असाही अनुभव आहे.

किती वॅटची घ्यावी? जास्त वॅट म्हणजे जास्त बिल ना?

नाही! हा गैरसमज काढताना माझा घसा बसलाय. एक लिटर पाणी २५ अंशावरून १०० वर न्यायला जी उष्णता लागते ती ठरलेली आहे, ३१४ किलोज्यूलच्या आसपास. १५०० वॅटची ती साडेतीन-चार मिनिटांत देईल, १००० वॅटची सहा मिनिटांच्या आसपास घेईल. युनिट जवळजवळ तेवढेच पडतात, उलट हळू तापणारीत उष्णता बाहेर जायला जास्त वेळ मिळतो. घरासाठी दीड लिटर, १५०० वॅट घ्या आणि विषय संपवा.

गॅसपेक्षा स्वस्त पडते का?

खरं सांगू? फारसा फरक नाही. दुकानदार म्हणून मी हो म्हणायला पाहिजे पण हिशोब करून बघा. एक लिटरला साधारण ०.१ युनिट. युनिट दहा रुपयांचं धरलं तर एक रुपया. तुमचा स्लॅब खालचा असेल तर त्याहून कमी. आता गॅस: सिलिंडर १४.२ किलोचा, ज्योतीतली निम्मीच उष्णता पातेल्यात जाते असं धरलं तरी एका सिलिंडरमध्ये हजारेक लिटर पाणी उकळतं, म्हणजे नऊशे रुपयांच्या सिलिंडरला लिटरमागे नव्वद पैसे. आलं का लक्षात. रोज दोन लिटर उकळलं तर महिन्याला सहा युनिट, त्यानं ना बिल वाढत ना सिलिंडर फार वाचत.

पैसे वाचतात ते एकाच ठिकाणी, लागेल तेवढंच पाणी घातलं तर. दोन कपांसाठी केटल काठोकाठ भरणारे लोक आहेत, त्यांचं काय सांगायचं.

मग फायदा नक्की काय?

विसरता येतं, हा. बटण दाबलं आणि अंघोळीला गेलात तरी चालतं. गॅसवर पाणी ठेवून विसरलेलं, आटलेलं, पातेलं काळं पडलेलं आणि घरभर वास हे आपल्या प्रत्येकाच्या घरात कधीतरी झालंय. माझ्या आईला विसरायला व्हायला लागलं तेव्हा मी पहिलं काम केलं ते तिच्या खोलीत केटल ठेवली, सकाळचं गरम पाणी तिचं ती घेते, गॅसला हात लावावा लागत नाही. उकळतं पाणी पातेल्यातून ओतताना दोन फडकी आणि सांडशी सांभाळावी लागते, केटलला दांडा आणि तोटी आहे, एका हाताचं काम. ज्यांचे हात थरथरतात त्यांनी मात्र एक लिटरची हलकी घ्या, पूर्ण भरलेली मोठी केटल अडीच-तीन किलो होते.

बाकी कफ झाल्यावर गुळण्या, रात्री बाळाची बाटली, फ्लास्क भरून ठेवणं, पावसाळ्यात प्यायचं पाणी. ग्रीन टी, ब्लॅक कॉफी, कपातले नूडल्स, उपम्याची पाकिटं. शिवाय पेइंग गेस्ट आणि कॉट बेसिसवर राहणारी पोरं, पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या मागं लागलेली, त्यांचं तर अर्धं स्वयंपाकघर म्हणजे केटल. (घरमालकाला विचारून वापरा रे, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.)

आपला चहा होतो का तिच्यात? दूध? मॅगी?

साध्या केटलमध्ये नाही. नाही म्हणजे नाही. दूध फुगतं, तोटीतून आणि झाकणातून उतू जातं, आणि जाताना वाफेच्या त्या भोकात शिरतं. मग चकतीवर साय वाळते, खटका अडकतो. बुडाला दूध लागून करपतं आणि ते घासून निघत नाही कारण तोंड अरुंद. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या केटलमध्ये दूधवाल्या सगळ्यात जास्त, आणि प्रत्येक जण सांगतो "नाही हो, फक्त पाणीच तापवतो", इकडे झाकण उघडलं की बासुंदीचा वास.

आपला चहा म्हणजे आलं, साखर, पावडर, दूध सगळं एकत्र उकळायचं, तो पातेल्यातच. घाई असेल तर पाणी केटलमध्ये उकळून पातेल्यात ओता आणि तिथून पुढे गॅसवर, वेळ बराच वाचतो.

मॅगी, अंडी, साबुदाणा यासाठी रुंद तोंडाची, भांड्यासारखी मल्टीपर्पज केटल येते. तिला तापमानाचं फिरतं बटण असतं आणि ती आतून घासता येते. बऱ्याच मल्टीपर्पजमध्ये वाफेवर बंद होण्याची सोय नसते, त्या बुडाच्या तापमानावर चालू-बंद होत राहतात. म्हणजे विसरण्याचा फायदा तिथं नाही. घेताना विचारून घ्या.

कुठल्या प्लगला लावू? इन्व्हर्टरवर चालेल?

१५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपियर. आपला छोटा सॉकेट ६ अँपियरचा. म्हणजे मोठा पॉवर पॉइंट वापरा, फ्रिज-गिझरवाला. आणि मोबाइल चार्जरसाठी आणलेल्या स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर केटल लावू नका, आत वितळलेले बोर्ड मी रोज बघतो. केटल इस्त्रीच्या जोडीला एकाच बोर्डावर तर अजिबात नको.

तीन पिनांचा प्लग टू-पिन करून लावणाऱ्यांना हात जोडून विनंती, स्टीलची केटल आहे, अर्थिंग नसेल आणि आत गळती झाली तर सगळा करंट बाहेरच्या स्टीलमध्ये.

घरगुती इन्व्हर्टर ७००-९०० व्हीएचा असतो, तो केटल बघताच ओरडायला लागेल. पावसाळ्यात लाइट गेल्यावर उपयोग नाही, लाइट असताना उकळून फ्लास्कमध्ये भरून ठेवा. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवरही केटल लावायची नाही, मनाई आहे आणि सगळ्या डब्याला धोका आहे.

आत पांढरा थर बसलाय, स्टील गंजलं का?

गंज नाही, क्षार आहे. पाण्यात विरघळलेला चुना तापल्यावर बुडाला बसतो. मुंबई-पुण्याच्या धरणाच्या पाण्याला कमी, बोअरच्या पाण्याला भरपूर. माण-खटाव, सोलापूरकडची केटल महिन्याभरात पांढरी होते. तारेच्या घासणीनं खरवडू नका. अर्धी केटल पाणी, त्यात एक-दोन चमचे सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं), गरम करून बंद करा आणि अर्धा तास सोडा. फसफसतं, तो चुना सुटतोय. मग दोनदा साधं पाणी उकळून टाकून द्या. व्हिनेगरनेही होतं पण नंतर आठवडाभर चहाला लोणच्याचा वास.

केटलमधलं पाणी प्यायला सुरक्षित होतं का, लगेच बंद होते म्हणून विचारतोय

जंतूंसाठी पाण्याला खळखळून उकळी फुटणं महत्त्वाचं. केटल उकळी फुटल्यावर काही सेकंदांनी बंद होते आणि झाकण न उघडता ठेवलं तर पाणी पुढं कितीतरी वेळ जाळण्याइतकं गरम राहतं. शंका असेल, पूर-बिर आला असेल, तर मिनिटभर उकळायला हवं म्हणतात, मग टक् झाल्यावर थोडं थांबून पुन्हा बटण दाबा. लगेच दाबलं तर बसत नाही कारण चकती अजून गरम असते. बोअरचा क्षार, खतांचं पाण्यात उतरलेलं काही, ते उकळून जात नाही.

महाबळेश्वरला पाणी लवकर उकळतं म्हणतात, तिथं केटल बंद होते का?

होते. तिथं उंची साधारण १३५० मीटर, पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं. लेहला तर ८८ च्या आसपास. पण केटल वाफ बघते, शंभर आकडा बघत नाही, म्हणून दोन्हीकडे टक् होतं. शंभरला बंद हो असं सांगितलेली केटल लेहमध्ये पाणी आटेपर्यंत उकळत बसली असती.

मुलगी अमेरिकेला चाललीये, इथून केटल देऊ का?

देऊ नका. तिकडे १२० व्होल्ट. आपली २३० व्होल्टची १५०० वॅटची केटल तिथं जेमतेम ४०० वॅट देते, लिटरभर पाण्याला पंधरा मिनिटं. उलट तिकडची इथं लावली तर करंट जवळजवळ दुप्पट आणि वॅट जवळजवळ चौपट, कॉइल गेलीच. इंग्लंडला दिली तर पिन बदलून चालेल, पण तिकडं ३००० वॅटच्या केटल मिळतात, आपली त्यांना बैलगाडी वाटेल. त्यांचं केटलप्रेम असलं की ४ जुलै १९९० ला फुटबॉल वर्ल्ड कपची इंग्लंड-पश्चिम जर्मनी सेमीफायनल पेनल्टीवर संपली आणि सगळा देश एकदम चहाला उठला, विजेची मागणी अचानक २८०० मेगावॅटनं वाढली. आमच्या जिल्ह्यातलं कोयना पूर्ण ताकदीनं चाललं तरी १९६० मेगावॅट, म्हणजे बघा.

स्टील, काच की प्लास्टिक?

आत स्टील असलेली घ्या, ३०४ ग्रेड लिहिलेलं असेल तर उत्तम. बाहेरून एकेरी स्टील भयंकर तापतं, घरात लहान मूल असेल तर दुहेरी भिंतीची. काच छान दिसते, पडली की संपली. नव्या केटलला पहिले दोन-तीन दिवस वास येतो, दोन-तीन वेळा पाणी उकळून टाकून द्या. आयएसआयचा शिक्का असेल तर त्याचा नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो, नुसत्या छापलेल्या शिक्क्यावर जाऊ नका.

दुरुस्त होते का, की फेकून द्यायची?

बेसची वायर, प्लग, काळे पडलेले कॉन्टॅक्ट, खटक्याचं युनिट, हे होतं. वापरताना बेसवर चरचर आवाज येत असेल किंवा जळका वास येत असेल तर वापर थांबवून लगेच आणा, तेव्हा दोनशे-तीनशेत काम होतं. कॉइल गेली तर नाही, ती बुडाला पक्की असते, सुटी मिळत नाही. केटल लावली की घरातला सगळा करंट ट्रिप होतो असं असेल तर बहुतेक कॉइलच्या आत ओल गेलीये, तीही गेली समजा.

आणि आणताना पाणी ओतून आणा. गेल्या गुरुवारी एकानं अर्धी भरलेली पिशवीत घालून आणली, काउंटरवर ठेवली आणि माझी बिलाची वही भिजली.